चौसष्ट घरे आणि वीस अंकी संख्या

शतरंजच्या पटाची आणि गव्हाच्या दाण्यांची गोष्ट ठाऊक नाही असे घर विरळाच. हिंदुस्थानातल्या एका विद्वानाने राजासाठी हा खेळ शोधून काढला. राजा खूश झाला आणि म्हणाला, "माग, काय हवे ते." विद्वान म्हणाला, "पटाच्या पहिल्या घरात गव्हाचा एक दाणा ठेवा, दुसऱ्यात दोन, तिसऱ्यात चार, चौथ्यात आठ. असे प्रत्येक घरात आधीच्या दुप्पट करीत चौसष्ट घरे भरून द्या. एवढेच पुरे." राजाला मागणी क्षुल्लक वाटली, थोडा रागही आला. पण हिशेबनीस कामाला लागले आणि राज्यातली सारी कोठारे रिकामी केली तरी मागणी पुरी होणार नाही असे दिसून आले.

गोष्ट बहुधा येथेच संपवली जाते. मुले हसतात आणि झोपी जातात. मात्र एखादी चुणचुणीत मुलगी विचारतेच, "अब्बा, पण एकूण दाणे किती झाले?" तेव्हा अब्बा म्हणतात, "खूप!" या महिन्यात आम्ही त्या 'खूप'चा नीट हिशेब मांडणार आहोत. ही एकच संख्या हातात धरली तर बगदाद-दमास्कसच्या किताबांपासून आपल्या खिशातल्या मोबाईलपर्यंत आणि तिथून थेट घराच्या उंबरठ्यावर आलेल्या 'पैसे दुप्पट' करणाऱ्या माणसापर्यंत जाता येते.

तर ती संख्या अशी आहे:

१,८४,४६,७४,४०,७३,७०,९५,५१,६१५

वीस अंक आहेत. आपल्या जुन्या शाळेत एकं, दहं, शतं, सहस्र असे म्हणत मुले परार्धापर्यंत जात. ती अठरा स्थाने झाली. या संख्येला तीही पुरत नाहीत. ती एकशे चौऱ्याऐंशी परार्धांहून अधिक भरते.

किताबांतला प्रवास

गोष्टीतला राजा आणि विद्वान खरोखर होऊन गेले याला पुरावा नाही. ती दंतकथाच समजावी. पण हिशेब मात्र खरा आहे, आणि तो फार जुन्या काळी, तोही अचूक केला गेला.

हिजरी ३४१ म्हणजे इसवी सन ९५२-५३ मध्ये दमास्कस येथे अल-उक्लिदिसी या गणितज्ञाने हिंदी अंकांच्या हिशेबावर एक किताब लिहिली. 'हिंदी अंक' म्हणजे हिंदुस्थानातून अरबांकडे गेलेली, शून्यासह दहा चिन्हांची पद्धत. या पद्धतीवरचा आज उपलब्ध असलेला सर्वांत जुना अरबी ग्रंथ तोच. त्यात तो सांगतो की लोक नेहमी विचारतात, एकाची तीस वेळा दुप्पट केली तर किती, आणि चौसष्ट वेळा केली तर किती? म्हणजे हजार वर्षांपूर्वीही हा प्रश्न बाजारात आणि बैठकीत फिरत होता.

त्यानंतर सुमारे पन्नास वर्षांनी अबू रैहान अल-बिरुनी यांनी त्याचे उत्तर नेमके मांडले. अल-बिरुनींचा जन्म इ.स. ९७३ मध्ये ख्वारज्म येथे झाला. पुढे ते गझनीला आले, संस्कृत शिकले आणि हिंदुस्थानावर त्यांनी जो ग्रंथ लिहिला तो आजही अभ्यासला जातो. त्याच ग्रंथात त्यांनी परार्धापर्यंतच्या अठरा स्थानांची नावे नोंदवली आहेत. पण शतरंजचा हिशेब त्याहून आधीचा, इ.स. १०००च्या सुमाराचा. निरनिराळ्या कौमांच्या कालगणनेवरचा त्यांचा 'आसारुल बाकिया' हा ग्रंथ त्यांनी जेमतेम सत्ताविशीत लिहिला. त्यात महिने, सण आणि वर्षांची चर्चा करता करता ते मध्येच शतरंजच्या पटाकडे वळतात आणि वरची वीस अंकी संख्या अगदी बरोबर देतात. आजचे यंत्र जे उत्तर देते, तेच.

त्रेसष्ट वेळा दुप्पट करायची म्हणजे त्रेसष्ट गुणाकार आले. कोठे एक चूक झाली की पुढचे सारे चुकले. अल-बिरुनींनी तसे केले नाही. त्यांनी दोन नियम सांगितले आणि काम सहा पायऱ्यांवर आणले.

पहिला नियम असा. कोणत्याही घरातल्या संख्येला त्याच संख्येने गुणा. जे उत्तर येईल ते पुढच्या एका घराचे असते. ते घर आपल्या घरापासून तितक्याच अंतरावर असते, जितके आपले घर पहिल्या घरापासून दूर आहे. उदाहरण घेऊ. पाचव्या घरात १६ दाणे आहेत. पहिल्यापासून पाचवे घर चार घरे दूर. तेव्हा १६ गुणिले १६, म्हणजे २५६, हे आणखी चार घरे पुढे, नवव्या घरात मिळतील. मोजून पाहा: सहाव्यात ३२, सातव्यात ६४, आठव्यात १२८, नवव्यात २५६. बरोबर.

आता दुसऱ्या घरातल्या २ पासून निघू. २ गुणिले २ म्हणजे ४, हे तिसरे घर. ४ गुणिले ४ म्हणजे १६, पाचवे घर. मग २५६, नववे घर. २५६ गुणिले २५६ म्हणजे ६५,५३६, सतरावे घर. त्याला त्यानेच गुणले की ४,२९,४९,६७,२९६, हे तेहतिसावे घर. आणि शेवटचा एक मोठा गुणाकार केला की पासष्टावे घर. पण पटावर पासष्टावे घर नसतेच! येथे दुसरा नियम उपयोगी पडतो.

दुसरा नियम: कोणत्याही घरातल्या संख्येतून एक वजा केला की आधीच्या सर्व घरांची बेरीज मिळते. चौथ्या घरात ८ आहेत, आणि आधीच्या तिन्ही घरांची बेरीज १ + २ + ४ म्हणजे ७. पाचव्यात १६, आधीची बेरीज १५. हा नियम पटापुरता नाही, दुप्पट होणाऱ्या प्रत्येक गोष्टीला लागू आहे. वाचकांनी तो मनात पक्का ठेवावा, कारण लेखाच्या शेवटी आम्ही पुन्हा त्याकडे येणार आहोत. या नियमाने नसलेल्या पासष्टाव्या घरातून एक वजा केला की पुऱ्या पटाचे उत्तर हाती येते.

अल-बिरुनी पुढे या संख्येचे चित्रही डोळ्यांसमोर उभे करतात. ते दाण्यांऐवजी नाण्यांचा विचार करतात. दहा हजारांची एक थैली बांधा. आठ थैल्यांचा एक बोजा एका खेचरावर लादा. दहा हजार खेचरांचा एक तांडा करा. एकेका दरीच्या काठी असे हजार तांडे चरायला सोडा. आणि प्रत्येक डोंगरातून अशा दहा हजार दऱ्या निघाल्या आहेत असे समजा. तर डोंगर किती लागतील? २,३०५. मग तेच सांगतात की हे सारे या पृथ्वीवर मावण्यासारखे नाही.

त्यानंतर अडीचशे-पावणेतीनशे वर्षांनी इब्न खल्लिकान या चरित्रकारांनी आपल्या मोठ्या चरित्रकोशात ही गोष्ट पुन्हा सांगितली. अबू बक्र अस-सूली नावाच्या नामांकित शतरंजपटूचे चरित्र लिहिताना ती आली. इब्न खल्लिकान म्हणतात की मागणी एवढी मोठी होते यावर त्यांचाही आधी विश्वास बसला नव्हता. मग अलेक्झांड्रियाच्या एका हिशेबनीसाने त्यांना कागदावर दाखवून दिले. सोळाव्या घरात ३२,७६८ दाणे होतात, ते एक माप धरा. विसाव्या घरात सोळा मापे झाली. दुप्पट करीत चाळिसाव्या घरात एक भरलेले कोठार झाले. पन्नासाव्यात १,०२४ कोठारे, म्हणजे एक शहरच. आणि चौसष्टाव्यात १६,३८४ शहरे. जगात एवढी शहरे तरी आहेत का, असा त्याचा सवाल होता. आम्हाला हा अनाम हिशेबनीस फार आवडतो. समोरच्या माणसाला संख्या पटत नसेल तर नुसते अंक फेकून चालत नाही. माप, कोठार, शहर अशा ओळखीच्या गोष्टींनी तिच्यापर्यंत चालत न्यावे लागते.

आपल्या वजनकाट्यावर

त्याच रीतीने आपणही चालून पाहू. गव्हाच्या हजार दाण्यांचे वजन साधारण चाळीस ग्रॅम भरते. पहिल्या रांगेतल्या आठ घरांत मिळून २५५ दाणे, म्हणजे दहा ग्रॅम. चिमणीला टाकण्याएवढे. दुसरी रांग संपते तेव्हा एकूण अडीच किलोच्या थोडे वर, चार दिवसांच्या चपात्या. तिसरी रांग संपते तेव्हा पावणेसात क्विंटलच्या आसपास, म्हणजे पन्नास किलोची तेरा-चौदा पोती. चौथी रांग, म्हणजे अर्धा पट संपला की सुमारे १७२ टन. दहा टनांचे सतरा-अठरा ट्रक.

येथवर राजाला काहीच अवघड नव्हते. कोठारातून १७२ टन गहू काढून देणे एखाद्या राजाला जमते. म्हणूनच तो फसला. अर्धे काम झाले असे त्याला वाटले, पण खरे तर काम सुरूही झाले नव्हते. पटाचा दुसरा अर्धा भाग पहिल्याच्या सुमारे ४२९ कोटी पट आहे.

पुढे पंचावन्नाव्या घराशी आलो की आज सगळे जग वर्षभरात पिकवते तो गहू, सुमारे ८० कोटी टन, संपून जातो. अजून नऊ घरे बाकीच असतात. पूर्ण पटाचा गहू सुमारे ७३,८०० कोटी टन होतो. आजच्या जगाला तो पिकवायला नऊशेहून अधिक वर्षे लागतील, आणि तोपर्यंत कोणी एक घासही खायचा नाही.

दाणे नुसते मोजायचे म्हटले, दर सेकंदाला एक, रात्रंदिवस न थांबता, तर सुमारे ५८,४०० कोटी वर्षे लागतील. विश्वाचे वय शास्त्रज्ञ सुमारे १,३८० कोटी वर्षे सांगतात. त्याच्या बेचाळीस पट काळ झाला.

हीच संख्या आणखी एका खेळात लपली आहे. एदुआर ल्युका या फ्रेंच गणितज्ञाने १८८३ मध्ये 'हनोईचा मनोरा' नावाचे कोडे बाजारात आणले. तीन खुंट्या, एका खुंटीवर मोठ्यापासून लहानापर्यंत रचलेल्या चकत्या. एका वेळी एकच चकती हलवायची, लहान चकतीवर मोठी ठेवायची नाही, आणि सारा मनोरा दुसऱ्या खुंटीवर न्यायचा. त्याबरोबर बनारसच्या मंदिरातल्या चौसष्ट सोन्याच्या चकत्यांची एक कल्पित कथाही जोडली गेली. चौसष्ट चकत्या हलवायला कमीत कमी किती चाली लागतात? तीच वीस अंकी संख्या. तीन चकत्यांना सात, चार चकत्यांना पंधरा. दुकानात हे खेळणे मिळते. नसेल तर तीन आकारांच्या झाकणांवरही खेळता येते.

संख्येच्या पोटात

आता मोठ्या मुलांसाठी थोडे खोलात जाऊ. ही संख्या कोणाकोणाला समान वाटता येते?

शेवटी ५ आहे, म्हणजे पाचाने भाग जातो. अंकांची बेरीज ८७ येते, म्हणजे तिनाने भाग जातो, नवाने जात नाही. पण याहून छान युक्ती पटावरच दिसते. पहिल्या रांगेत २५५ दाणे आहेत. दुसऱ्या रांगेतले प्रत्येक घर वरच्या घराच्या २५६ पट आहे, म्हणून दुसरी रांग २५५ च्या २५६ पट. तिसरी त्याच्याही २५६ पट. अशा आठही रांगा २५५ च्या पटीतच आहेत. २५५ म्हणजे ३ गुणिले ५ गुणिले १७. तेव्हा सारे दाणे तीन, पाच, पंधरा, सतरा, एक्कावन्न, पंच्याऐंशी किंवा दोनशे पंचावन्न जणांत एकही न उरता वाटता येतात.

संख्येचे पूर्ण अवयव पाडले तर सात मूळ संख्या मिळतात: ३, ५, १७, २५७, ६४१, ६५,५३७ आणि ६७,००,४१७. यांतल्या प्रत्येकीला फक्त एकाने आणि स्वतःनेच भाग जातो. सातांपैकी कोणत्याही निवडून गुणल्या की एक भाजक मिळतो. एकही न निवडल्यास तो १ धरायचा. असे एकूण १२८ भाजक होतात. चौसष्ट घरांच्या पटावरची संख्या, आणि तिचे भाजक चौसष्टाच्या दुप्पट.

या यादीत एक जुनी कहाणी दडली आहे. ३, ५, १७, २५७, ६५,५३७ या संख्या पाहा. अल-बिरुनींच्या पायऱ्या होत्या २, ४, १६, २५६, ६५,५३६. प्रत्येकीत एक मिळवला की ही यादी तयार. सतराव्या शतकातल्या फर्मा या मोठ्या फ्रेंच गणितज्ञाला वाटले की ही माळ अशीच पुढे जाईल आणि प्रत्येक वेळी मूळ संख्याच मिळेल. पुढची होती ४,२९,४९,६७,२९७. तिचे अवयव पडतात का हे तपासणे त्या काळी सोपे नव्हते. १७३२ मध्ये ऑयलरने दाखवून दिले की तिला ६४१ ने भाग जातो आणि उत्तर ६७,००,४१७ येते. पाच वेळा खरे ठरले म्हणून सहाव्यांदाही ठरेल असे नसते. गणितात 'आतापर्यंत असेच झाले' हा पुरावा होत नाही. व्यवहारातही होऊ नये, पण त्याबद्दल पुढे.

आणखी एक गंमत सांगतो. अल-बिरुनींचे २,३०५ डोंगर आठवतात? त्यांनी संख्येला दहा-दहाच्या पटींनी आणि मध्ये एकदा आठाने भागले. आठाने भागणे म्हणजे तीन घरे मागे येणे. त्यामुळे २३०५ हे आकडे म्हणजे बासष्टाव्या घरातल्या संख्येचे पहिले चार अंक आहेत. ती संख्या २३,०५,८४,३०,०९,२१,३६,९३,९५२. दुसऱ्या नियमाने तिच्यातून एक वजा केला की पहिल्या एकसष्ट घरांची बेरीज मिळते. ही बेरीज, २३,०५,८४,३०,०९,२१,३६,९३,९५१, मूळ संख्या आहे. तिला कशानेही भाग जात नाही. १८८३ मध्ये रशियातल्या खेड्यातले एक पाद्री, इव्हान पेर्वुशिन यांनी ते सिद्ध केले. म्हणजे पट एकसष्ट घरांचा असता तर ते दाणे कितीही जणांत समान वाटता आले नसते. तीन घरे वाढली आणि एकदम १२८ भाजक झाले.

वजने आणि मोबाईल

किराणा दुकानदाराकडे १, २, ४, ८, १६ आणि ३२ किलोची एकेकच वजने आहेत असे समजा. या सहा वजनांनी तो एक ते त्रेसष्ट किलोपर्यंतचे कोणतेही पूर्ण वजन तोलू शकतो, आणि प्रत्येक वजन तोलण्याची रीत एकच असते. २१ किलो हवे तर १६, ४ आणि १. दुसरी कोणतीही जुळणी नाही.

संगणक आणि मोबाईल नेमके हेच करतात. एखादे वजन घेतले तर १, नाही घेतले तर ०. अशी चौसष्ट वजने ओळीने ठेवली, सगळी घेतली, म्हणजे चौसष्ट वेळा १ लिहिला, तर किती होतात? राजाचे सगळे दाणे. आज आपल्या हातातले बहुतेक फोन चौसष्ट स्थानांचे आहेत. त्या चौसष्ट स्थानांत मावणारी सर्वांत मोठी पूर्ण संख्या म्हणजे आपली वीस अंकी संख्या.

आधीची यंत्रे बत्तीस स्थानांची होती. त्यांतले एक स्थान अधिक-उणे दाखवायला ठेवले तर एकतीस उरतात, आणि मोठ्यात मोठी संख्या २,१४,७४,८३,६४७ होते. ही पहिल्या एकतीस घरांची बेरीज. ही मर्यादा पुरत नाही हे २०१४ साली साऱ्या जगाने पाहिले. कोरियन गायक साय याचे 'गंगनम स्टाईल' हे गाणे यूट्यूबवर एवढ्या वेळा पाहिले गेले की मोजणीला ही जागा अपुरी पडू लागली आणि कंपनीने तिथे चौसष्ट स्थाने केली. अशीच आणखी एक वेळ पुढे आहे. अनेक यंत्रे १ जानेवारी १९७० पासूनचे सेकंद मोजून तारीख ठरवतात. जुन्या बत्तीस स्थानांच्या यंत्रांत ती मोजणी १९ जानेवारी २०३८ रोजी, आपल्याकडे सकाळी ८ वाजून ४४ मिनिटे ७ सेकंद झाले की भरून जाईल. म्हणून तोवर ती यंत्रे बदलण्याचे काम चालू आहे.

उंबरठ्यावरचा हिशेब

आता त्या दुसऱ्या नियमाकडे येऊ. कोणतेही घर आधीच्या सर्व घरांच्या बेरजेपेक्षा एकाने मोठे असते.

आपल्या वस्त्यांत, लग्नाच्या मांडवात, कधी नात्यातल्याच माणसाकडून एक योजना येते. "तू अमुक रुपये भरून सभासद हो. फक्त दोन माणसे आण. ती दोघे आणखी दोन-दोन आणतील. मग तुला घरबसल्या पैसे येत राहतील." माणूस ओळखीचा असतो. त्याला खरेच दोन-चार महिने पैसे आलेले असतात. तो खोटे बोलत नसतो. खोटा असतो तो पट.

पहिल्या थरात एक माणूस, दुसऱ्यात दोन, तिसऱ्यात चार. हा शतरंजचाच पट आहे, फक्त दाण्यांच्या जागी माणसे आहेत. सत्ताविसाव्या थराशी एकूण सभासद १३ कोटी ४२ लाख होतात. २०११च्या जनगणनेत साऱ्या महाराष्ट्राची लोकसंख्या ११ कोटी २४ लाख होती, तान्ही बाळे धरून. तेहतिसाव्या थराशी एकूण ८५८ कोटी होतात, म्हणजे पृथ्वीवरची सगळी माणसे संपली. चौतिसाव्या थराला माणसे कोठून आणणार?

पण योजना तेवढी चालतच नाही, आधीच कोलमडते. आणि ती कोणत्याही थराशी थांबो, सर्वांत खालच्या थरातली माणसे वरच्या सगळ्यांच्या बेरजेपेक्षा एकाने जास्तच असतात. त्यांनी पैसे भरले, पण त्यांच्या खाली कोणी नाही. म्हणजे अर्ध्याहून अधिक सभासद बुडतात. भरलेले पैसे परत मिळायला आपल्या खाली दोन थर भरावे लागत असतील तर शेवटचे दोन्ही थर बुडतात, म्हणजे चारातले तीन. चालवणारा प्रामाणिक असो वा लबाड, हिशेब बदलत नाही. भरतात ते बहुधा रोजंदारीवरचे लोक, बचत गटातल्या बहिणी, मुलीच्या लग्नासाठी साठवणारे आईबाप. अशा पैसे फिरवण्याच्या योजनांवर आपल्या देशात १९७८च्या कायद्याने बंदी आहे. तरी नाव बदलून त्या येत राहतात.

दुसरा येतो तो म्हणतो, "सहा महिन्यांत पैसे दुप्पट." त्याच्याशी वाद घालू नये. कागद घ्यावा आणि त्याच्याच समोर हिशेब मांडावा. दहा हजार रुपये सहा महिन्यांत दुप्पट, म्हणजे पाच वर्षांत दहा वेळा दुप्पट, १,०२४ पट. झाले एक कोटी दोन लाख चाळीस हजार. दहा वर्षांत वीस वेळा दुप्पट. झाले एक हजार अठ्ठेचाळीस कोटी सत्तावन्न लाख साठ हजार. मग त्याला एवढेच विचारावे, "भाईजान, असे असेल तर तुम्ही स्वतःचे दहा हजार लावून घरी का बसत नाही? माझ्या दारात कशाला?"

तिसरा प्रसंग सर्वांत दुःखाचा. आजारपणात, फीसाठी, सावकाराकडून दरमहा शेकडा पाचाने पैसे उचलले जातात. "पाच टक्के तर आहेत," असे वाटते. एक सोपा ठोकताळा लक्षात ठेवावा: ७२ ला दराने भागले की रक्कम किती काळात दुप्पट होते ते साधारण कळते. ७२ भागिले ५, म्हणजे सुमारे चौदा महिने. व्याज न भरता मुद्दलात मिळत गेले तर पाच हजारांचे चौदा-साडेचौदा महिन्यांत दहा हजार, पुढच्या तेवढ्याच काळात वीस, मग चाळीस. अशा दहा पायऱ्या बारा वर्षांच्या आत होतात, आणि पाच हजारांचे एक्कावन्न लाख वीस हजार होतात. जुन्या काळी मुंबई इलाख्यात हिंदू कर्जदारांसाठी दामदुपटीचा नियम होता. एका वेळी मुद्दलाहून जास्त व्याज वसूल करता येत नसे. त्या नियमामागे आणि आपल्या दीनमध्ये दुप्पट-चौपट होत जाणाऱ्या सुदाला जी सक्त मनाई आहे तिच्यामागे, माणसाने अनुभवलेले हेच दुःख आहे. पट अर्धा भरेपर्यंत सारे सोपे वाटते. राजालाही वाटले होते.

म्हणून आमची वाचकांना एक विनंती आहे. ही गोष्ट घरी सांगाल तेव्हा 'खूप' म्हणून सोडून देऊ नका. मुलांना पट आणि मूठभर गहू द्या. दोन रांगा मांडायलाच दाणे पुरणार नाहीत. मग हातात पेन्सिल द्या. जे मूल एकदा स्वतःच्या हाताने सोळाव्या घरापर्यंत पोहोचले, त्याला मोठेपणी 'दुप्पट' हा शब्द ऐकताच कागद आठवेल.

मुलांसाठी तीन प्रश्न

१. कोणत्याही यंत्राशिवाय सांगा: एकशे एक घरांचा पट असता तर शेवटच्या घरातल्या संख्येचा शेवटचा अंक कोणता? (पहिल्या घरात १ सोडून पुढच्या घरांतले शेवटचे अंक लिहून पाहा: २, ४, ८, ६ आणि मग?)

२. दुकानदाराच्या त्याच सहा वजनांनी ४५ किलो तांदूळ एका वेळी तोलायचा आहे. कोणती वजने घ्याल?

३. पहिल्या तीन घरांत मिळून ७ दाणे, पहिल्या सहा घरांत ६३, पहिल्या नऊ घरांत ५११. या तिन्हींना सातने भाग जातो. तर पहिल्या त्रेसष्ट घरांच्या बेरजेला सातने भाग जाईल का? आणि पूर्ण चौसष्ट घरांच्या बेरजेला सातने भागल्यास बाकी किती उरेल?

उत्तरे पुढील अंकात. तोपर्यंत मुलांनी आपापला हिशेब कागदावर करून ठेवावा आणि मोठ्यांनी त्यांना उत्तर सांगू नये.